शरीराची दोन इंधने आणि आपले ताट

(वर्षावासातील कार्यक्रमात शिरूर व दौंड तालुक्यांतील उपासक-उपासिका आणि विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने तो आमच्या गळ्यात घातला. त्याने विचारले, "एक दिवस भाकरी-भात बंद ठेवून अंडी, शेंगदाणे, तूप असे खायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी-भात खायचा. असे आलटून पालटून केले, की शरीराला चरबी जाळायची सवय लागते म्हणतात. आमच्या खोलीतील तिघांनी सुरू केले आहे. हे खरे आहे काय?" प्रश्न साधा होता, पण आम्हाला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. आम्ही म्हणजे आपल्या मंडळाच्या आरोग्य समितीचे चौघे. एक रेल्वेतून निवृत्त, एक आरोग्य खात्यात गावोगाव फिरलेले, एक विज्ञानाच्या शिक्षिका आणि एक अंगणवाडी सेविका. चौघांनी मिळून वाचले, माहीतगारांना विचारले, आपसात भांडलोही. बोलणारे तोंड एक असले तरी पुढचे म्हणणे चौघांचे आहे.

प्रथम दोन इंधनांची गोष्ट समजून घेऊ. दौंडच्या मंडळींना इंजिन बदलणे शिकवावे लागत नाही. पुण्याहून आलेली गाडी मनमाडकडे न्यायची तर दौंडला इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. तेवढ्यात प्रवासी खाली उतरून चहा घेत. कॉर्ड लाईन झाल्यापासून काही गाड्यांचा हा खोळंबा वाचला. आपल्या शरीरालाही दिवसातून असे इंजिन बदलावे लागते. जेवण झाल्यावर ते साखरेवर चालते आणि बराच वेळ पोटात काही गेले नाही, की चरबीवर.

भाकरी, भात, चपाती, साबुदाणा, बटाटा, यांचे पोटात शेवटी ग्लुकोज होते. ते रक्तात आले, की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते. इन्सुलिन पेशींना सांगते, आता ही साखर वापरा, उरलेली साठवा आणि चरबीच्या कोठाराला तूर्त कुलूप घाला. साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने होतो. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये ३०० ते ४०० ग्रॅम, एवढाच तो मावतो. स्नायूंतला साठा स्नायूच खर्च करतात, रक्ताला साखर पुरवतो तो यकृतातला. चरबीचे मात्र तसे नाही. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात बारा किलो चरबी धरली आणि ग्रॅमला ९ उष्मांक धरले, तर एक लाखाहून अधिक उष्मांक शिलकीत निघतात. म्हणजे खिशात सुट्टे पैसे थोडे आणि ठेव मोठी. रात्री जेवणानंतर दहा-बारा तास गेले, की खिसा हलका होऊ लागतो, इन्सुलिन उतरलेले असते, कुलूप निघते आणि शरीर ठेवीतून काढू लागते. सकाळी न्याहारी झाली, की पुन्हा साखरेचे इंजिन.

हा बदल ज्याच्या शरीरात सहज होतो, त्याच्या चयापचयाला लवचिकता आहे असे शास्त्रज्ञ म्हणतात. हे श्वासावरून मोजता येते. शरीर निव्वळ साखर जाळत असेल, तर जेवढा प्राणवायू आत घेतला तेवढाच कर्बवायू बाहेर पडतो, म्हणजे गुणोत्तर १ येते. निव्वळ चरबी जाळत असेल तर ते ०.७ येते. निरोगी माणसाचा आकडा उपाशीपोटी खाली आणि जेवणानंतर वर, असा हलता असतो. १९९९-२००० च्या सुमारास अमेरिकेतील डेव्हिड केली व त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ आणि मधुमेही माणसांच्या स्नायूंची तपासणी केली, तेव्हा हा आकडा मध्येच अडकून पडल्याचे दिसले. उपाशीपोटी चरबी नीट जळत नाही आणि जेवल्यावर साखरही नीट जळत नाही. इंजिन सुटतही नाही, जोडलेही जात नाही, अशी गाडी.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. हा बदल एक दिवसाआड व्हावयाचा नाही, तो दर चोवीस तासांत व्हावयाचा आहे. त्यासाठी भाकरीचा दिवस आणि तुपाचा दिवस असे वार लावण्याची गरज नाही. साखर आणि चरबी या दोघींची पेशींच्या दारात चढाओढ चालते, हे इंग्लंडचे फिलिप रँडल यांनी १९६३ सालीच दाखविले होते. काही दिवस धान्य अगदी बंद ठेवले आणि मग एकदम ताटभर भात खाल्ला, तर रक्तातील साखर नेहमीपेक्षा अधिक चढते, कारण शरीराने तोवर साखरेचे दुकान अर्धे बंद केलेले असते. ग्लुकोज पाजून जी मधुमेहाची तपासणी करतात, तिच्या आधी तीन दिवस नेहमीसारखे धान्य खा असे सांगतात ते याचसाठी. वजन उतरण्यापुरते बोलायचे, तर आलटून पालटून खाणे काय किंवा रोज थोडे कमी खाणे काय, एकूण उष्मांक जेवढे घटतात तेवढाच साधारण परिणाम दिसतो. मग त्या तिघा पोरांनी तुपावर पैसे का घालावेत? त्या पैशात आठवडाभर रोज एक अंडे येते.

पण प्रश्न एवढ्यावर सुटत नाही. आपल्या भागात हे इंजिन अडकले कसे, हे पाहिले पाहिजे.

आपल्या आजीच्या काळचा दिवस आठवा. शिरूरच्या कोरडवाहू गावांत सकाळी बाजरीची भाकरी, कालवणाला हुलगा नाहीतर मटकी, तोंडी लावायला कारळ्याची चटणी. मग दिवसभर रान, नाहीतर दोन-तीन कोस पायपीट. दिवेलागणीला पुन्हा भाकरी. रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात रात्री नऊनंतर खाणार काय आणि कशाला? सकाळपर्यंत दहा-बारा तासांचे अंतर आपोआप पडे. शरीर रात्री ठेव मोडी आणि दिवसा भाकरी जाळी. कोणी त्याला लवचिकता म्हटले नाही.

येथे एक इशारा देणे भाग आहे. हे ऐकून काही वक्ते म्हणू लागतात, की आपले पूर्वज किती शहाणे, कमी खात आणि निरोगी राहत. आम्हाला ते मान्य नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच घरांतील बायाबापड्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या. तो काही आहाराचा प्रयोग नव्हता. आपल्या समाजाच्या ताटात काय पडावे हे तर कित्येक पिढ्या दुसऱ्यांनी ठरविले. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाण्याची नोंद केली आहे, विद्यार्थ्यांनी ते मिळवून वाचावे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडा असे सांगितले आणि आपल्या लोकांनी ते मानाने सोडले. ते योग्यच झाले. पण त्या रिकाम्या जागी डाळ, अंडी, मासळी यायला हातात मजुरी यावी लागते, आणि ती जागा अजूनही पुष्कळ घरांत भातानेच भरलेली आहे. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, त्याने पोट भरते, त्याची किंमत आम्ही जाणतो. पण त्यात डाळ नाही. कर्बोदके सरकारची आणि प्रथिने आपल्या खिशातून, अशी विभागणी झाली आहे.

मग कालवे आले. दौंडला खडकवासल्याचे पाणी आले, शिरूरला घोड, चासकमान, कुकडीचे आले. बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला, दौंड तालुक्यात गुऱ्हाळे धुराडी सोडू लागली, रांजणगावला औद्योगिक वसाहत झाली. मजुरी वाढली, ही आनंदाचीच बाब. पण दिवसाचा आकार बदलला. आता पहाटे उठल्यावर चहा, बसथांब्यावर चहा, कंपनीत सुटीचा चहा, सोबत बिस्किटे, दुपारी डबा, चारला वडापाव, घरी आल्यावर चहा, रात्री दहाला जेवण आणि दूरदर्शनसंचासमोर फरसाण. दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढा हिशोब मांडला तरी पन्नास-साठ ग्रॅम साखर नुसत्या कपांतून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसासाठी वरच्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली, ती साधारण पन्नास ग्रॅमची आणि निम्मी झाली तर उत्तम अशी आहे. आणि मुद्दा केवळ साखरेचा नाही. दर दोन तासांनी काहीतरी गोड-पिठूळ पोटात गेले, की इन्सुलिन उतरतच नाही आणि ठेवीचे कुलूप निघतच नाही.

हे सर्वांनाच लागू आहे. पण आपल्याला ते जास्त का झोंबते, याचे उत्तर आपल्याच तालुक्यातून जगाला मिळाले आहे, आणि ते शिरूरमधील किती जणांना ठाऊक आहे अशी आम्हाला शंका आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७७ मध्ये वढू बुद्रुक येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. पुढे १९९३ साली त्याच रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील साउथॅम्प्टनचे शास्त्रज्ञ यांनी पाबळ, केंदूर या भागातील सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. दोन हजार चारशेहून अधिक स्त्रियांची त्यात नोंद झाली. या माता शेतात राबणाऱ्या. गरोदरपणापूर्वी त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो, उंची पाच फुटांच्या आसपास. बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आत-बाहेर, तर साउथॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या घरात. हे अपेक्षितच होते. अनपेक्षित ते पुढेच. आपली बाळे हडकुळी दिसत असली, तरी त्यांच्या अंगात स्नायू आणि पोटातील अवयव कमी भरले होते, चरबी मात्र त्या मानाने शाबूत होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार. २००३ साली हे प्रसिद्ध झाले.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर दोघांचेही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर उभे राहून आपण निर्धास्त होतो, ते किती फोल आहे हे त्या एका चित्राने सांगितले.

त्या सहा गावांतील मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. बहुतेक सडपातळच होती. तरीही मुलांमध्ये तिघांमागे एकाहून थोड्या अधिक जणांची साखर नेहमीच्या मर्यादेबाहेर आढळली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दिसले, त्या आकड्यात अशा शिडशिडीत माणसांचाही वाटा आहे. साखर सामावून घेणारे गोदाम म्हणजे स्नायू, आणि आपले गोदाम जन्मापासून लहान. लहान गोदामात दिवसातून आठ वेळा माल उतरवला तर तो रस्त्यावर येणारच.

आणि हे गोदाम लहान का राहिले? आईच्या ताटामुळे. याच अभ्यासात ज्या गरोदर माता हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध वरचेवर खात, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की उपवासाचे किंवा धान्यबंदीचे कोणतेही वेड गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या जवळ येऊ देऊ नका. आमच्या अंगणवाडीताई एक गोष्ट सांगतात. एका उपासिकेने त्यांना विचारले, की ताई, मी पण सोळा तास उपाशी राहू का? ताईंनी तिचा दिवस विचारला. रात्री सर्वांचे झाल्यावर उरलेले अर्धे जेवण, सकाळी चहा, मग घरकाम, धुणे, रान, आणि दुपारी दोनला पहिली भाकरी. बाई सोळा तास आधीच उपाशी होती! तिला लवचिकता नको, सकाळी आठला भाकरी हवी आणि भाकरीसोबत उसळ हवी.

आता दोन शब्द शीलाविषयी. उपोसथाला अष्टशील घेणारे मध्यान्हानंतर भोजन करीत नाहीत. मज्झिमनिकायातील कीटागिरि सुत्तात रात्रीचे भोजन टाळल्याने आजार कमी होतात आणि अंगाला हलकेपणा येतो, असे भगवंत भिक्खूंना स्वानुभवाने सांगतात. कोसलाच्या पसेनदि राजाची कथा संयुत्तनिकायात आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत आला. भगवंतांनी त्याला मात्रेने खाण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो पाठ करायला लावला आणि रोज जेवताना म्हणून दाखवायला ठेवले. भात हळूहळू नाळीभरावर आला आणि राजाचे शरीर हलके झाले. त्याने भात सोडला नाही, त्याचे माप बदलले, तेही हळूहळू. आणि दुसरी बाजू तर आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे. हाडांचा सापळा होईपर्यंत उपाशी राहून काही साधत नाही हे सिद्धार्थाने ओळखले आणि सुजातेची खीर स्वीकारली. विकालभोजनविरतीला वजन उतरविण्याचा नुस्खा करून टाकणे आम्हाला रुचत नाही, मात्र ती पाळताना शरीरात काय घडते हे समजून घ्यायला हरकत नाही.

न समजता पाळले तर काय होते, तेही सांगतो, कारण चूक आमचीच होती. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळाच जेवण्याच्या पद्धतीची चर्चा होती. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा असे ते स्वतः सांगत. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोडे थोडे वरचेवर खा म्हणत. चावडीवर, लग्नात, डब्यात, जिकडे तिकडे हाच वाद. डॉक्टरांनी आधी तपासणी करून घ्या असे सांगितले होते, पण आम्ही विहारातल्या एका बैठकीत उत्साहाच्या भरात सर्वांनाच सरसकट सांगून टाकले, की रात्रीचे खाणे सोडा, सकाळी उशिरा जेवा. कोण कोणत्या गोळ्या घेते हे विचारले नाही. दौंडचे आमचे एक वयस्क सहकारी मधुमेहाची गोळी घेत. त्यांनी रात्रीचे जेवण सोडले, सकाळी सवयीने गोळी घेतली आणि काही न खाता गाडीला निघाले. फलाटावर दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळले. लोकांना वाटले, गृहस्थ प्यायलेले आहेत. एका चहावाल्याने ओळखले, त्याच्या वडिलांना हाच आजार होता. त्याने अर्धा कप चहात चार चमचे साखर ढवळून पाजली. ते वाचले, आणि आम्ही बोलायला शिकलो. इन्सुलिनचे इंजेक्शन किंवा साखर उतरविणारी गोळी चालू असेल, तर जेवणाची वेळ बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा बदलून घ्या. अठरा वर्षांखालील मुलांनी, क्षयरोगाचे औषध चालू असणाऱ्यांनी, आधीच अंगात नसलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

बाकीच्यांनी काय करावे? आमच्या मते भाकरीला शत्रू मानू नये, तिला कामाशी बांधावे. ज्या जेवणानंतर अंगमेहनत आहे, त्या जेवणात भाकरी-भात पोटभर. ज्या जेवणानंतर बसायचे किंवा झोपायचे आहे, त्यात भाकरी अर्धी आणि डाळ, उसळ, अंडे, मासळी, भाजी दुप्पट. ऊसतोडीला जाणाऱ्याला आणि रांजणगावला संगणकासमोर बसणाऱ्याला एकच ताट कसे चालेल? आधी भाजी-उसळ आणि मग भाकरी, एवढा क्रम बदलला तरी साखर सावकाश चढते. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालले, तर स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. आणि लवचिकता परत आणणारे सर्वांत खात्रीचे साधन आहार नसून श्रम आहे, याबद्दल आम्हा चौघांत एकदाही वाद झाला नाही. मुलांनी दंड-बैठका काढाव्यात, मुलींनीही काढाव्यात, गोदाम वाढते ते त्यानेच. रात्रीचे जेवण आणि सकाळचे पहिले खाणे यांत बारा तास ठेवावेत. मधला चहा बिनसाखरेचा घ्यावा, नाहीतर जेवणाला जोडून घ्यावा.

रात्रपाळीचे कोडे आम्हाला पूर्ण सुटलेले नाही. रेल्वेतील आणि कंपनीतील मंडळी पहाटे तीनला वडे खातात, तेव्हा शरीर साखर हाताळायला सर्वांत कमी तयार असते. पाळीवर निघण्यापूर्वी नीट जेवावे आणि मध्यरात्री भूक लागलीच तर फुटाणे, शेंगदाणे किंवा ताक घ्यावे, एवढेच आम्ही सुचवितो. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र रात्रपाळीचे वेळापत्रक डॉक्टरांपुढेच ठेवावे.

त्या विद्यार्थ्याच्या खोलीतील तिघांनी तूप थांबवले आहे. आता ते वसतिगृहाच्या जेवणात आठवड्यातून तीनदा उसळ मिळावी म्हणून अर्ज लिहीत आहेत, शुद्धलेखन आमच्या शिक्षिका तपासणार आहेत. येत्या पौर्णिमेला सकाळी विहारात आम्ही चौघे मोजपट्टी आणि साखर तपासण्याचे यंत्र घेऊन बसू. उपाशीपोटी या, पण गोळी घेणाऱ्यांनी गोळी न घेता या, गोळीची पाकिटे सोबत आणा, आणि तपासणी झाल्याबरोबर खाता यावे म्हणून घरून भाकरी बांधून आणा. जयभीम.